तोंडातला व्रण अंगावर काढू नका!



तंबाखूचा बार, खर्रा, मावा, गुटखा, मिश्री यांपैकी काहीही घेत असाल, तर हे आवाहन तुम्हालाच आहे. आज रात्री चूळ भरून आरशासमोर उभे राहा. मोबाइलच्या उजेडात गालांची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा नीट पाहा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, टणक गाठ दिसली, तिखटाने आग होत असेल किंवा तोंडात तीन बोटे उभी जात नसतील, तर लगेच दंतवैद्यांना किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. चरबीची गाठ वाढली तरी सहसा आपली जागा सोडत नाही. कॅन्सरची गाठ मात्र शेजारच्या भागात घुसते आणि शरीरात इतरत्र पसरते. तोंडात ती बहुतेकदा अस्तराच्या पेशींत सुरू होते. तंबाखू रोज त्याच जागी दाबून ठेवली की तिथल्या पेशींच्या जनुकांत बिघाड साचत जातात, वाढीवरचा लगाम सुटतो आणि पेशी बेसुमार वाढतात. अनेकदा आधी चट्टा येतो, मग व्रण, मग गाठ. पुढे रोग मानेतल्या लसिकाग्रंथींत उतरतो. चट्ट्यापासून कॅन्सरपर्यंत बहुधा काही वर्षे जातात. रोग अडवायचा तो याच काळात.

‘मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो,’ असे म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला कॅन्सरकारक ठरवले आहे. ‘दुखत नाही ना, मग राहू दे,’ असेही म्हणू नका. सुरुवातीला कॅन्सर बहुधा दुखतच नाही. आणि ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ या भीतीपोटी तपासणी टाळू नका. तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही आणि निदानाशिवाय योग्य उपचार नाहीत.

पैशांअभावी घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरील उपचारांचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयात चौकशी करा. व्यसन सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा.

घरातल्या मिश्री लावणाऱ्या आईचे, आजीचे तोंडही आजच तपासा. चट्टा दिसला, तर उद्याच दवाखाना गाठा!