विश्लेषण : मालिका बंद पडली, मग चित्रपट कशासाठी? ‘फ्युचरामा’च्या पुनर्जन्मातून काय शिकायचे?

बंद पडलेली मालिका काही वर्षांनी पुन्हा सुरू होणे, यात आता नवल राहिलेले नाही. पण ‘फ्युचरामा’ ही अमेरिकी ॲनिमेशन मालिका ज्या वाटेने परतली, ती वाट आज जवळपास बुजली आहे. २००३ मध्ये थांबलेली ही विज्ञान-विनोदी मालिका २००७ ते २००९ या काळात चार पूर्ण लांबीच्या चित्रपटांच्या रूपाने थेट डीव्हीडीवर आली आणि त्या चित्रपटांनीच तिचे पुढचे आयुष्य शक्य केले. प्रेक्षकाने खिशातून पैसे काढून डिस्क विकत घेणे म्हणजे मालिकेच्या बाजूने दिलेले मत होते. दरमहा वर्गणी भरून हवे तितके पाहण्याच्या आजच्या काळात हे मत कुठे गेले, हा खरा प्रश्न आहे.

काय आहे ‘फ्युचरामा’?

‘द सिम्प्सन्स’चे जनक मॅट ग्रेनिंग यांनी निर्माण केलेली आणि डेव्हिड एक्स. कोहेन यांच्यासह आकाराला आणलेली ही मालिका २८ मार्च १९९९ रोजी ‘फॉक्स’ वाहिनीवर सुरू झाली. पिझ्झा पोहोचवणारा फ्राय हा तरुण ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री चुकून गोठवला जातो आणि एक हजार वर्षांनी जागा होतो. एका डोळ्याची कॅप्टन लीला, बेरकी आणि दारूबाज यंत्रमानव बेंडर, विसराळू प्रोफेसर फार्न्सवर्थ यांच्यासोबत तो अंतराळात पार्सल पोहोचवण्याच्या कंपनीत कामाला लागतो. वरवर थट्टा, आत गणित आणि भौतिकशास्त्राचे पक्के संदर्भ आणि मधूनच काळजाला हात घालणारा एखादा भाग, असा तिचा बाज. लेखकांच्या चमूत विज्ञान आणि गणितातील उच्चशिक्षित मंडळी होती. त्यामुळे पार्श्वभूमीच्या एखाद्या फलकावरही गणिती विनोद सापडे.

मालिका बंद का पडली?

‘फॉक्स’ने मालिका रद्द केल्याची मोठी घोषणा वगैरे काही केली नाही. नवे भाग मागवणेच थांबवले. रविवारी संध्याकाळी सातची वेळ मिळालेली ही मालिका फुटबॉल सामने लांबले की सरळ कापली जाई. ज्या मालिकेची वेळच भरवशाची नाही, तिला प्रेक्षक टिकवणे अवघडच. ७२ भागांनंतर, १० ऑगस्ट २००३ रोजी, ‘फॉक्स’वरचा शेवटचा भाग दाखवण्यात आला.

त्याच वर्षी जानेवारीपासून ‘ॲडल्ट स्विम’वर जुने भाग पुन्हा दाखवले जाऊ लागले होते. रात्री उशिरा टीव्ही पाहणाऱ्या तरुणांना मालिका तेथे सापडली. बरोबरीने डीव्हीडी संचही विकले जात होते. वाहिनीच्या वेळापत्रकाने जे प्रेक्षक गमावले, ते असे मागच्या दाराने जमा झाले.

डीव्हीडीने नेमके काय बदलले?

टीव्हीवर मालिका फुकट दिसते आणि पैसे जाहिरातदार देतो. त्यामुळे वाहिनीच्या लेखी प्रेक्षक म्हणजे जाहिरातदाराला विकायची गर्दी. डीव्हीडीच्या दुकानात हे समीकरण उलटे होते. तिथे थोड्याच, पण निष्ठावान लोकांनी पूर्ण किंमत मोजली तरी हिशेब जमतो. ‘फॅमिली गाय’ या मालिकेने हे आधीच दाखवून दिले होते. २००२ मध्ये थांबवलेली ती मालिका डीव्हीडी विक्री आणि पुनःप्रक्षेपणाच्या बळावर २००५ मध्ये परतली. त्याच वर्षी तिचा थेट डीव्हीडीवर आलेला चित्रपट पुढे तीन भागांत कापून टीव्हीवर दाखवला गेला.

‘फ्युचरामा’ने हीच कल्पना चौपट केली. ‘बेंडर्स बिग स्कोअर’ नोव्हेंबर २००७ मध्ये आला. २००८ मध्ये ‘द बीस्ट विथ अ बिलियन बॅक्स’ आणि ‘बेंडर्स गेम’, तर फेब्रुवारी २००९ मध्ये ‘इन्टू द वाइल्ड ग्रीन यॉन्डर’. प्रत्येक चित्रपट आधी डिस्कवर विकायचा, मग त्याचे चार तुकडे करून ‘कॉमेडी सेंट्रल’ वाहिनीवर दाखवायचे. चार चित्रपटांचे सोळा भाग झाले, म्हणजे एक अख्खा हंगाम. पहिल्याच चित्रपटाच्या सुरुवातीला पात्रांच्या कंपनीचा परवाना ‘बॉक्स’ नावाच्या वाहिनीने काढून घेतल्याचा आणि मग त्या अधिकाऱ्यांचीच हकालपट्टी झाल्याचा विनोद आहे. टोमणा कुणाला होता, हे सांगायला नको.

चार चित्रपट की सोळा भाग?

इथेच या प्रयोगाची मेख आहे. साधारण दीड तासाची पटकथा लिहिताना लेखकांना दर बावीस मिनिटांनी एक कळस आणावा लागत होता, कारण पुढे तिथेच कात्री चालणार होती. परिणामी चित्रपट म्हणून पाहताना गोष्ट मध्येच धापा टाकते, आणि सुटे भाग म्हणून पाहताना मधले दोन तुकडे ना आरंभाचे ना शेवटाचे.

‘बेंडर्स गेम’मध्ये हा जोड उघडा पडतो. पूर्वार्ध इंधनाच्या भडकलेल्या किमतींवर आणि इंधनाची मक्तेदारी असलेल्या ‘मॉम’ या दुष्ट उद्योजिकेवर आहे. उत्तरार्धात सगळी मंडळी तलवारी आणि जादूटोण्याच्या जगात जातात. हा चित्रपट आला त्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले होते. त्यामुळे पूर्वार्धातला उपहास अचूक वेळी आला होता, पण उत्तरार्धात तो जवळजवळ विरून जातो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स मार्च २००८ मध्ये निवर्तले. त्यांना चित्रपटात वाहिलेली आदरांजली मनापासूनची आहे. तरीही दोन वेगळ्या कल्पना एका दाव्याला बांधल्याचे जाणवत राहते.

मग लांबीचा फायदा कुठे झाला?

‘बेंडर्स बिग स्कोअर’मध्ये. कथा म्हटली तर चक्रावणारी. इंटरनेटवरचे भामटे परग्रहवासी सगळ्यांना लुबाडतात, फ्रायच्या अंगावर गोंदलेल्या संकेतामुळे भूतकाळात जाण्याचा मार्ग सापडतो आणि बेंडर इतिहासातल्या मौल्यवान वस्तू चोरत सुटतो. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांनी त्यात स्वतःच्या पात्राला आवाज दिला आहे. पण या गोंधळाच्या पोटात एक साधी गोष्ट आहे. लीला लार्स नावाच्या समंजस माणसाच्या प्रेमात पडते आणि फ्राय नुसता पाहत राहतो. लार्स खरा कोण, हे कळते तेव्हा हसू थांबते. तारुण्य ओलांडून शहाणा झालेला माणूस आणि अजून शहाणा न झालेला माणूस एकाच चौकटीत उभे राहतात. त्या दोघांमध्ये गेलेली वर्षे प्रेक्षकाला जाणवावी लागतात, आणि बावीस मिनिटांत ते जमले नसते. त्यासाठी दीड तासच हवा होता. या चित्रपटाला घरगुती वितरणासाठीच्या ॲनिमेशनपटांच्या गटात ‘ॲनी’ पुरस्कार मिळाला, तो उगाच नव्हे.

अशा चित्रपटांकडे पाहण्याची कसोटी हीच असावी, असे वाटते. जी गोष्ट भागात मावत नाही, तिच्यासाठी चित्रपट असावा. भागात मावणारी गोष्ट ताणून चित्रपट केला, तर ती पातळ होते.

इतर मालिकांचा अनुभव काय?

या कसोटीवर इतर नावेही तपासता येतात. ‘द जेटसन्स’ ही भविष्यातल्या कुटुंबाची मालिका १९६२-६३ मध्ये अवघे २४ भाग चालली. १९८० च्या दशकात नवे भाग निघाले आणि १९९० मध्ये ‘जेटसन्स : द मूव्ही’ चित्रपटगृहांत आला. मुलगी जूडीला वर्षानुवर्षे आवाज देणाऱ्या जॅनेट वॉल्डो यांना डावलून तेव्हाची लोकप्रिय पॉप गायिका टिफनी हिचा आवाज वापरला गेला. जुन्या आठवणीच्या बळावर तिकीट विकायचे आणि त्या आठवणीतला आवाजच काढून टाकायचा, असा हा उलटा व्यवहार.

जपानचा ‘डोरेमॉन’ मात्र दुसरे टोक. मराठी घरांतली मुले हिंदीतून पाहतात ती ही मालिकाही मुळात विज्ञान-विनोदीच. भविष्यातून आलेले यंत्रमांजर आणि त्याच्या खिशातली उपकरणे. मार्च १९८० मध्ये ‘नोबिताचा डायनासोर’ची गोष्ट सांगणारा पहिला चित्रपट आला आणि तेव्हापासून जवळपास दरवर्षी एक चित्रपट येतो. मालिकेत दांडगाई करणारा जियान चित्रपटात संकटाच्या वेळी मित्रासाठी उभा राहतो. रोजच्या भागात पात्र बदलून चालत नाही, उद्या पुन्हा तीच गंमत हवी असते. चित्रपटात त्याला बदलण्याची मुभा मिळते. लहान मुलांनाही हा फरक नेमका कळतो.

तिसरे उदाहरण ‘इन्व्हेडर झिम’चे. २००१ मध्ये सुरू होऊन लवकरच बंद झालेल्या या मालिकेचा ‘एन्टर द फ्लॉर्पस’ हा चित्रपट ऑगस्ट २०१९ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. म्हणजे नव्या माध्यमातही दार अगदीच बंद नाही. पण ते उघडते आतून, कंपनीला वाटले तर.

आता ही वाट का बुजली?

‘फायनल स्पेस’ या मालिकेचे काय झाले ते पाहा. ओलन रॉजर्स यांची ही अंतराळातली विनोदी ॲनिमेशन मालिका तीन हंगामांनंतर २०२१ मध्ये ऐन उत्कंठेच्या टोकावर बंद झाली. पुढच्या वर्षी, मालिका करसवलतीसाठी हिशेबातून निर्लेखित केली जात असल्याचे रॉजर्स यांनीच प्रेक्षकांना सांगितले. म्हणजे नवे भाग तर नाहीतच, जुनेही पाहायला मिळणार नाहीत. शेवट सांगण्यासाठी त्यांना चित्रकादंबरीचा आधार घ्यावा लागला आणि तिचे पैसे चाहत्यांच्या वर्गणीतून उभे राहिले.

दोन्ही मालिकांचे चाहते सारखेच निष्ठावान. फरक त्यांच्या हातातल्या साधनाचा आहे. २००७ च्या चाहत्याला दुकानात जाऊन ‘मला हेच हवे’ म्हणता येत होते आणि त्याची नोंद विक्रीच्या आकड्यात होत होती. आजचा चाहता दरमहा वर्गणी भरतो. त्यातला किती रुपयाचा वाटा कोणत्या मालिकेसाठी, हे त्याला कधीच कळत नाही. कोणी काय पाहिले याचे तपशील कंपनीकडे असतात आणि निर्णयही तिचाच.

पण ओटीटीनेही ‘फ्युचरामा’ वाचवलीच ना?

हा आक्षेप रास्त आहे. चित्रपटांनंतर जून २००९ मध्ये ‘कॉमेडी सेंट्रल’ने २६ नवे भाग मागवले, २०१० मध्ये मालिका परतली, २०१३ मध्ये पुन्हा बंद झाली आणि जुलै २०२३ मध्ये ‘हुलू’वर तिसऱ्यांदा उभी राहिली. शिवाय डीव्हीडी महाग होती आणि भारतासारख्या देशात ती सहज मिळतही नसे. आज त्यामानाने खूपच कमी पैशांत कितीतरी अधिक पाहता येते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण २०२३ चे पुनरागमन झाले ते मालिका आधीच १४० भागांची आणि जगभर ओळखीची असल्यामुळे. त्या ओळखीचा अर्धा भाग २००९ नंतरचा आहे. चौथ्या चित्रपटाच्या शेवटी सगळी मंडळी एका विवरात यान घालतात, पुढे काय होईल ते त्यांनाही ठाऊक नसते. लेखकांनी तो निरोप म्हणूनच लिहिला होता. डिस्क विकल्या गेल्या नसत्या, तर तो खरोखरच निरोप ठरला असता आणि ‘हुलू’ला वाचवायला काही उरलेच नसते. नव्या मालिकांना मोठे होण्याआधीच हा मधला आधार लागतो, आणि नेमका तोच नाहीसा झाला आहे.

मग करायचे काय?

डीव्हीडीचा जमाना परत येणार नाही आणि यायलाच हवा असेही नाही. पण दोन गोष्टी मागता येतात. पहिली : कंपनीला एखादी मालिका दाखवायची नसेल, तर ती विकत घेण्याची सोय प्रेक्षकाला असावी, किंवा निर्मात्याला हक्क परत मिळवण्याची संधी असावी. करसवलतीसाठी कलाकृती कुलूपबंद करणे म्हणजे शेकडो चित्रकारांची वर्षांची मेहनत रद्दीत घालणे. दुसरी : अर्धवट राहिलेल्या मालिकेला शेवटासाठी एक चित्रपट द्यावा. चार नकोत, एक पुरे. दीड तासाचा खर्च नव्या हंगामापेक्षा कमी आणि गोष्ट पूर्ण झाल्याचे समाधान मोठे.

आणि प्रेक्षकाच्या हातात काय? मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेला भाग आपला झाला, असे आपण धरून चालतो. तो आपला नसतो. वर्गणी संपली किंवा कंपनीने मालिका काढली, की तोही जातो. म्हणून एखादी मालिका मनापासून आवडत असेल आणि ती कुठल्याही रूपात, डिस्क असो वा पुस्तक, विकत मिळत असेल, तर ती घ्यावी. ‘फ्युचरामा’च्या चाहत्यांनी यापेक्षा वेगळे काहीच केले नव्हते.