सामायिक संगणक व स्वतंत्र खोली

अणदूरसारख्या गांवीं पुष्कळ विद्यार्थ्यांस संगणक भेटतो तो शाळेंतच, आणि एकाच यंत्रावर सकाळीं एक तर दुपारीं दुसरा बसतो. पायथन ही भाषा शिकणाऱ्यास एखादें पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनीं लिहून ठेविलेल्या प्रोग्रॅमांचा संच, हवें झालें कीं शिक्षकापुढें पेंच पडतो. परवानगी द्यावी तर यंत्र बिघडण्याची भीति. न द्यावी तर शिकणें खुंटतें. अशा वेळीं संगणकास कुलूप घालणें सोपें वाटतें. प्रस्तुत लेखकाच्या मतें तें अनुचित आहे, आणि अनावश्यकही.

भीति मात्र खोटी नव्हे. उबुंटू, डेबियन इत्यादि लिनक्स प्रणालींत पायथन केवळ विद्यार्थ्यांकरितां ठेविलेली नाहीं. यंत्र अद्ययावत ठेवणारीं कांहीं साधनें त्याच भाषेंत लिहिलेलीं असून तेथील पायथनवरच चालतात. विद्यार्थ्यानें मुख्य अधिकार घेऊन, पॅकेज आणणाऱ्या पिप ह्या साधनानें, निराळी आवृत्ति तेथें घातली कीं त्यांच्या पायाखालचा दगड हलूं शकतो. म्हणूनच जून २०२३ मध्यें निघालेल्या डेबियन १२ पासून मूळ पायथनमध्यें पॅकेज घालण्यास पिप नकार देतें. हा नकार डावलण्याचीही सोय आहे. तिचें नांवच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’! नांवांत इतका उघड इशारा असतां मुलें ती ओळ कोठून तरी उतरून घेतात, ह्याचें नवल वाटतें.

खरा उपाय पायथनमध्यें २०१२ पासून आहे. त्याचें नांव व्हेन्व्ह. विद्यार्थी आपल्या फोल्डरांत एक स्वतंत्र खोली करतो, आणि ती चालू असतां पिप जें आणतें तें तेथेंच राहतें. मुख्य अधिकार लागत नाहीं. बिघडलें तर ती खोली पुसून नवी करावी. जवळच्या नळदुर्गचा पाणीमहाल ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हें पटकन् समजेल: धरणावरून बोरी नदी कोसळते, पण भिंतीच्या पोटांतील महाल कोरडा राहतो. डेबियन व उबुंटूवर व्हेन्व्ह बहुधा वेगळें बसवावें लागतें. तेवढें शिक्षकानें एकदां करून ठेवावें. तयार खोली मात्र पेनड्राइव्हवर घरीं नेऊं नये, कारण तिच्यांत मूळ जागेचे पत्ते लिहिलेले असतात. ‘पिप फ्रीझ’नें पॅकेजांची यादी काढून न्यावी व तिकडे नवी खोली करावी.

प्रत्येक खोलींत तींच पॅकेजें पुनः भरल्यानें जागा व्यर्थ जाते, असा आक्षेप येईल. जुन्या यंत्रांपुरता तो रास्त आहे. तेथें नमपायसारखीं मोठीं पॅकेजें शिक्षकानें ॲप्टच्या द्वारें, म्हणजे प्रणालीच्या स्वतःच्या भांडारांतून, एकदांच बसवावीं. खोली करतांना ‘सिस्टिम साइट पॅकेजेस’ हा पर्याय दिला कीं तीं आंतून वापरतां येतात.

पालकांस एक विनंती आहे. घरीं जुना संगणक असेल व मुलीनें त्यांत ‘कांहींतरी घातलें’ असें कळलें, तर यंत्र तिच्या हातून काढून घेऊं नये. कोठें घातलें, एवढें तिला विचारावें.