सँडोचे दंड आणि औंधचे नमस्कार

१/ व्यायामशाळेच्या आरशासमोर उभा राहणारा तरुण आत्ममग्न आणि पहाटे सूर्यनमस्कार घालणारा तरुण कर्तव्यनिष्ठ; पहिला पाश्चात्त्य, दुसरा आपला. अशी सोपी वाटणी हल्ली वारंवार ऐकू येते. या वाटणीला मोठी अडचण आहे ती सूर्यनमस्कारांना आधुनिक काळात घरोघरी नेणाऱ्या माणसाचीच. औंध संस्थानचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी ऐन उमेदीच्या काळात शरीर कमावले ते सँडोच्या पद्धतीने.

२/ युजेन सँडो १८६७ साली प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे जन्मला आणि लंडनच्या रंगभूमीवर नावारूपास आला. आरंभी तो बळाचे खेळ करी. पुढे स्वतःचे शरीर हाच त्याचा खेळ झाला. १४ सप्टेंबर १९०१ रोजी त्याने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची भव्य स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल होते. सँडोचा संदेश सरळ होता: बळ जन्माने मिळत नाही, अभ्यासाने मिळते. फीत घ्या, दंड-छाती मोजा, व्यायाम करा आणि पुन्हा मोजा.

३/ हा निव्वळ मिरवण्याचा सोस होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बोअर युद्धात सैन्यभरतीसाठी आलेले कितीतरी इंग्रज तरुण शरीराने अपात्र ठरले होते. त्या धक्क्यातून १९०४ साली ‘शारीरिक ऱ्हास’ या विषयावर ब्रिटिश शासनाच्या समितीचा अहवालही निघाला. सँडोचा दंड हा साम्राज्याच्या चिंतेवरचा उतारा होता. त्याही आधी, १८११ साली, फ्रीडरिश यान याने बर्लिनजवळ उघडे व्यायाममैदान सुरू केले, ते नेपोलियनपुढे नमलेल्या प्रशियाला ताठ उभे करण्यासाठी. युरोपातही शरीर एकट्या माणसाच्या मालकीचे नव्हते.

४/ सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात आला. येथील सुशिक्षितांना त्याचे आकर्षण का वाटले असावे, हे समजणे कठीण नाही. ‘नेटिव’ माणूस मुळातच दुबळा, म्हणून राज्य करण्यास नालायक, असे ज्यांना सतत ऐकवले जात होते, त्यांना ‘बळ अभ्यासाने येते’ हे वाक्य व्यायामाच्या कितीतरी पलीकडचे वाटणार. (त्या मोहिनीची खूण मराठी कपाटात अजून आहे: बिनबाह्यांच्या बनियनला आपण ‘सँडो’ म्हणतो.)

५/ बाळासाहेबांनी सुमारे दहा वर्षे सँडोची साधने नियमाने वापरली. मग मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले. नमस्कार काही त्यांनी शोधून काढले नाहीत. तालमीत ते ठाऊक होते, आणि समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालीत अशी परंपरा सांगते. बाळासाहेबांनी केले ते वेगळेच. नमस्काराचे दहा टप्पे त्यांनी नेमून दिले, श्वास आणि बीजमंत्र त्यांना जोडले, छायाचित्रांसह पुस्तक काढले आणि व्याख्याने देत ते गावोगाव हिंडले. हालचाल जुनी, पण क्रमवार पाठ, छायाचित्रे, घरच्या घरी रोजचा नेम ही मांडणी सँडोच्या शाळेत शिकलेल्या माणसाची आहे. ‘शुद्ध देशी’ म्हणून जे सांगितले जाते त्यात हा धागा आहे आणि तो लपवण्याचे काही कारण नाही.

६/ एक फरक मात्र मूलभूत होता. सँडोला साधने लागत. नमस्काराला साडेपाच-सहा फूट जमीन पुरते. औंध म्हणजे तुटक तुकड्यांत विखुरलेली ७२ गावे. त्यांतील आटपाडीसारखा मुलूख कायमचा अवर्षणग्रस्त. तेथे फुकटचा व्यायाम हाच सर्वांचा व्यायाम होऊ शकत होता.

७/ आणि तो सर्वांचा झाला तो सक्तीने. औंधच्या शाळांत नमस्कार अनिवार्य होते. येथे कौतुक थोडे आवरावे लागते. राजाच्या आज्ञेने रोज जमिनीवर वाकणारी मुले बलवान होतात की आज्ञाधारक? शरीर कमावणे हे कर्तव्य असेल, तर ते कोणाप्रती? विसाव्या शतकात पुढे अनेक राजवटींनी मुलांना रांगेत उभे करून कवायत शिकवली, आणि त्या बळाचे काय झाले हे इतिहासाने पाहिले आहे. कर्तव्याचा व्यायाम आत्मविश्वासाच्या व्यायामाहून आपोआप थोर ठरत नाही.

८/ १९३६ साली बाळासाहेब इंग्लंडला गेले. तेथे लुइझ मॉर्गन या पत्रकार स्त्रीने त्यांच्या पद्धतीवर लेख लिहिले आणि १९३८ साली ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक संपादित केले. लंडनच्या वाचकांना त्यात दिसले ते तारुण्य टिकवण्याचे, बांधा सुडौल ठेवण्याचे तंत्र. औंधच्या अंगणात जो शिस्तीचा पाठ होता, तोच तिथे दिवाणखान्यातील प्रसाधन झाला. सँडो पूर्वेकडे येताना राष्ट्रकार्य बनला आणि नमस्कार पश्चिमेकडे जाताना सौंदर्यसाधना. तेव्हा एखादा व्यायाम ‘कोणाचा’ हे विचारण्यापेक्षा तो ‘कोणासाठी’ हे विचारलेले बरे.

९/ बाळासाहेबांपुरते या प्रश्नाचे उत्तर त्याच १९३८ सालात सापडते. सत्तरीच्या वाढदिवसाच्या निमित्ताने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याची घोषणा केली. पुत्र आप्पासाहेब आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी गांधीजींशी सल्लामसलत करून आराखडा सिद्ध केला आणि १९३९ च्या जानेवारीत औंधची राज्यघटना अमलात आली. सत्तेचा पाया ठरला गावाने निवडलेली पाचजणांची पंचायत.

१०/ याच काळात आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीविना राहून शेती करू लागले. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. औंधच्या शाळांच्या अंगणात राजाज्ञेने वाकलेल्या मुलांची पिढी तोवर मतदार झाली होती, आणि पंचायतीत कोणाला बसवायचे हे आता राजा ठरवत नव्हता.