बेणारेबाईंचे कोणी ऐकले?

सकाळी भाईंदरहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये माणसे खांद्याला खांदा लावून तासभर उभी असतात. शेजाऱ्याच्या डब्यात आज कोणती भाजी आहे हे वासावरून कळते. त्याचे नाव मात्र वर्षानुवर्षे कळत नाही. मिठागरांच्या आणि आगरी-कोळ्यांच्या या टापूत १९८५ साली नगरपालिका आली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली. इतकी माणसे अल्पावधीत एकत्र आली की ती एकमेकांस अपरिचित असणारच. त्यात दोष कोणाचा नाही. हे अपरिचित परस्परांशी आणि परस्परांविषयी बोलू लागतात तेव्हा काय होते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचा शोध विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात घेता येतो. १९६७ साली अरविंद देशपांडे यांनी ते रंगभूमीवर आणले. सुलभा देशपांडे यांनी लीला बेणारे उभी केली. नाटकाचे बीजही उपनगरातलेच. विलेपार्ले येथे अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यास निघालेल्या हौशी मंडळींचे संभाषण तेंडुलकरांच्या कानी पडले आणि त्यातून हे नाटक सुचले. एका स्त्रीचा समाजाने केलेला छळ म्हणून त्याची चर्चा होते आणि ती योग्यच आहे. पण आरंभीच्या प्रवेशाकडे पुरेसे लक्ष जात नाही.

मंडळी यायची आहेत. गावातल्या रिकाम्या सभागृहात बेणारेबाई आणि सामंत नावाचा स्थानिक तरुण, दोघेच आहेत. ओळख काही क्षणांची. तरीही शाळा, मुले, आपली चाललेली चौकशी, आपले स्वतःचे आयुष्य यांविषयी बाई या परक्याशी जेवढे मोकळे बोलतात तेवढे त्या बरोबरच्या मंडळींशी संपूर्ण नाटकात बोलत नाहीत. प्रवासात असे होते; ज्याची पुन्हा भेट होणार नाही त्याच्यापुढे मन हलके करता येते. सामंत संकोचतो, हसतो, ऐकतो. तो नीट ऐकतो असेही वाटते.

पुढे न आलेल्या नटाच्या जागी त्यालाच साक्षीदार म्हणून उभे करतात. काय बोलावे हे त्या बिचाऱ्याला सुचत नाही. म्हणून तो हातातल्या कादंबरीच्या आधारे प्रा. दामल्यांच्या खोलीबाहेर ऐकलेल्या संभाषणाची साक्ष रचतो. सारे काल्पनिक, आणि नेमके तेच वर्मी लागते. ज्याच्याशी बाई विश्वासाने बोलल्या, त्याच्याच तोंडून त्यांच्याविरुद्धचा पुरावा निघतो. एडवर्ड अल्बी यांच्या १९५९ साली बर्लिनमध्ये प्रथम सादर झालेल्या 'द झू स्टोरी'त उद्यानातल्या बाकावरचे दोन अनोळखी इसम शेवटी सुरीपर्यंत जातात. तेंडुलकरांना सुरी लागत नाही. एक कादंबरी पुरते.

सामंत निष्पाप आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. आम्हांस ते पुरते पटत नाही. दुष्टावा त्याच्यात नाही हे खरे. पण समोरच्याला काय होते आहे हे न पाहता केवळ विचारले म्हणून बोलत राहणे, हा दोष लहान नव्हे. आपल्या गृहनिर्माण संस्थांत तो रोज दिसतो. एखादी शिक्षिका एकटी भाड्याने राहावयास येते. तिच्याकडे कोण येते, रात्री किती वाजता येते, याची साक्ष द्यायला जिन्यावरची चार माणसे तयार असतात. त्यांतल्या एकानेही तिला "गाव कोणते?" म्हणून विचारलेले नसते. कार्यकारिणीची सभा भरते, अध्यक्ष घसा खाकरतात, आणि काशीकरांचे न्यायासन तिथे आपोआप मांडले जाते. फक्त खेळ आहे, असे म्हणण्याची सोयही तेथे नसते.

काशीकर आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद देतात. बेणारेबाई बोलतात, पुष्कळ बोलतात. पण ते बोलणे रंगमंचावरच्या कोणाच्याही कानांवर पडत नाही. सारे जागच्या जागी थिजलेले असतात आणि मग न्यायाधीश वेळ संपल्याचे सांगतात. अंधारात बसलेला प्रेक्षक तेवढा ऐकतो, तोही अपरिचितच. मीरा रोडला आता लता मंगेशकर यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. एखाद्या हौशी संस्थेने हे नाटक तेथे करावे आणि महापालिकेने तिला भाड्यात सवलत द्यावी. हे मनोगत दूरच्या दादरपेक्षा आपल्याच इमारतींच्या सावलीत ऐकणे निराळे ठरेल.

अखेरीस मंडळी रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. झाले ते विसरण्यास त्यांना क्षणही पुरतो. सामंत मागे घुटमळतो. पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट तो निपचित पडलेल्या बाईंजवळ हळूच ठेवतो आणि निघून जातो. त्यांना काय झाले हे तो विचारीत नाही.