घरच्या पिझ्झ्यावर नेमकं काय वितळतं? चीज, 'टॉपिंग' आणि घरच्या मिरचीची गोष्ट

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हा चर्चा झाली ती गाड्या, टीव्ही आणि विम्याची. पण त्याच यादीत घरच्या पिझ्झ्याचं जवळपास सगळं सामान होतं. पिझ्झा ब्रेडवरचा 5 टक्के कर शून्यावर आला. चीज, बटर आणि सॉस 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले. हॉटेलात बसून खाल्लेल्या पिझ्झ्यावरचा 5 टक्के कर मात्र तसाच राहिला.

म्हणजे किमान कराच्या हिशेबात तरी सरकारनं घरच्या पिझ्झ्याच्या बाजूनं कौल दिला. पण याच बदलात एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. खरं चीज आणि चीजसारखा दिसणारा पदार्थ, या दोघांमधला कराचा फरकही पुसला गेला. त्यामुळे दुकानातून पाकीट उचलताना आपण नेमकं काय घेतोय, हा प्रश्न आता आणखी महत्त्वाचा झालाय.

उमरोळीतला पिझ्झा कसा असतो?

पालघर आणि बोईसरच्या मधलं स्टेशन म्हणजे उमरोळी. एका बाजूला जिल्ह्याचं ठिकाण, दुसऱ्या बाजूला तारापूर एमआयडीसी. 2013 मध्ये डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली, 2014 मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला आणि या पट्ट्यात वस्ती वाढत गेली. मूळचे वाडवळ, आगरी, कोळी, आदिवासी कुटुंबं आणि कामासाठी आलेली गुजराती, उत्तर भारतीय, खान्देशी कुटुंबं इथे शेजारी शेजारी राहतात. त्यामुळे 'पिझ्झ्यावर काय घालायचं' याचं एकच उत्तर मिळत नाही. एका घरात कांद्याशिवाय चालत नाही, तर शेजारच्या जैन घरात कांदा-लसूण चालतच नाही. कुठे मक्याचे दाणे, कुठे पनीर, कुठे आदल्या दिवशीचं चिकन.

काही गोष्टी मात्र समान आहेत. बहुतेक घरांत ओव्हन नसतो, तवा असतो. बेस बेकरीतून येतो. आणि भाजी कुठली हे ठरत नसेल, तर ढोबळी मिरची नक्की असते. तिच्यासाठी फार लांब जावंही लागत नाही. उमरोळीहून डहाणूच्या दिशेनं बोईसर सोडलं की पुढचं स्टेशन वाणगाव. वाणगाव-डहाणूचा पट्टा हिरव्या आणि ढोबळी मिरचीसाठी ओळखला जातो. पिझ्झ्याच्या जाहिरातीत दिसणारी हिरवी कापं या भागात शेतातून थेट येतात.

प्रश्न आहे तो त्या कापांवर काय किसायचं याचा.

क्यूब की मोझरेला?

आपल्याकडे 'चीज' म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतो तो चौकोनी क्यूब. ते प्रोसेस्ड चीज. तयार चीज वितळवून, त्यात इमल्सिफायर म्हणून काम करणारे क्षार मिसळून ते पुन्हा घट्ट केलेलं असतं. ते खारट असतं, टिकतं आणि मऊ होतं, पण तार सुटत नाही.

मोझरेलाची पद्धत वेगळी. दुधाचा दही-गोळा गरम पाण्यात ताणला जातो. या ताणण्यामुळे दुधातलं केसीन नावाचं प्रथिन एका दिशेत, धाग्यासारखं रचलं जातं. पिझ्झ्याचा तुकडा उचलताना जी तार येते ती याचीच.

घरात स्वयंपाक करणाऱ्यांचा वाद इथेच असतो. मुलांना तार हवी, मोठ्यांना क्यूबची लहानपणापासूनची खारट चव हवी. मोझरेला चवीला बेताचं असतं, त्यामुळे फक्त तेच घातलं तर 'फिकं लागतंय' ही तक्रार येते. दोन भाग मोझरेला आणि एक भाग क्यूब ही घरगुती तडजोड शास्त्राच्या दृष्टीनंही बरोबर आहे. एकाकडून तार मिळते, दुसऱ्याकडून मीठ आणि चव.

तव्याचा मुद्दाही इथेच येतो. ओव्हनमध्ये वरूनही उष्णता मिळते, तव्यावर फक्त खालून. चीज वितळेपर्यंत बेस करपतो. म्हणून आधी बेसची वरची बाजू तव्यावर शेकून घ्यायची, मग उलटून त्यावर सॉस, भाजी, चीज घालून मंद आचेवर झाकण ठेवायचं. ढोबळी मिरची आणि कांदा आधी परतून घेतला आणि टोमॅटोच्या बिया काढल्या, तर पाणी सुटून बेस लिबलिबीत होत नाही.

मग 'चीजसारखं' म्हणजे काय?

साधारण एक किलो चीजसाठी दहा लिटरच्या आसपास दूध लागतं. म्हणून ते महाग असतं. हा खर्च कमी करण्यासाठी दुधातल्या स्निग्धांशाच्या जागी पाम तेलासारखं वनस्पती तेल, काही वेळा स्टार्च वापरून चीजसारखा पदार्थ बनवतात. त्याला 'अ‍ॅनालॉग' म्हणतात.

हे बनवणं किंवा विकणं बेकायदा नाही. कायद्याचं म्हणणं एवढंच आहे की दुधाचे घटक बदललेले असतील तर त्याला चीज किंवा पनीर म्हणून विकू नका, लेबलवर स्पष्ट लिहा. म्हणजे भेसळ आणि अ‍ॅनालॉग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव लपवलं की फसवणूक सुरू होते.

महाराष्ट्रात हा विषय तीनदा गाजला:

- 2023 मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, अहमदनगरमधल्या (आताचं अहिल्यानगर) मॅकडोनाल्ड्सच्या एका आउटलेटवर कारवाई केली. काही पदार्थांत चीजऐवजी पर्याय वापरला जातो आणि ते ग्राहकाला सांगितलं जात नाही, असा आक्षेप होता. कंपनीनं तो नाकारला. आपण खरंच चीज वापरतो आणि एफएसएसएआयनंही ते मान्य केलं, असं कंपनीनं नंतर सांगितलं. पण दरम्यान काही पदार्थांच्या नावांतून 'चीज' हा शब्द गेला होता.
- मार्च 2025 मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी कृत्रिम पनीरचा प्रश्न विधिमंडळात मांडला.
- त्यानंतर 2025 मध्येच एफडीएनं हॉटेलं आणि खानावळींना सांगितलं की अ‍ॅनालॉग वापरत असाल तर ते ग्राहकाला दिसेल असं लिहा.

तिन्ही वेळा रोख होता हॉटेलांवर. घरच्या स्वयंपाकघराची बाजू मात्र चर्चेत आलीच नाही.

कराचा फरक कसा पुसला गेला?

2022 मध्ये हरियाणातल्या जीएसटीच्या अपिलीय अग्रिम निर्णय प्राधिकरणापुढे एक प्रकरण आलं. 'पिझ्झा टॉपिंग' म्हणून विकला जाणारा पदार्थ चीज मानायचा का? त्यात वनस्पती तेल होतं. प्राधिकरण म्हणालं, हे चीज नाही, इतर खाद्यपदार्थांच्या गटात येतं आणि त्यावर 18 टक्के कर लागेल. तेव्हा चीजवर 12 टक्के होता. म्हणजे करापुरतं तरी खरं चीज फायद्यात होतं.

सप्टेंबर 2025 च्या बदलात चीज 5 टक्क्यांवर आलं आणि इतर खाद्यपदार्थांचा तो गटही 18 वरून 5 टक्क्यांवर आला. ग्राहकासाठी दोन्ही स्वस्त झालं, हे चांगलंच. पण 6 टक्क्यांची जी झुकती बाजू खऱ्या चीजकडे होती, ती राहिली नाही. मुळातच स्वस्त असलेल्या टॉपिंगला यातून जास्त बळ मिळालं.

घरी ओळखायचं कसं?

सोशल मीडियावर आयोडीनची चाचणी फिरते. थेंब टाकला आणि रंग निळा-काळा झाला तर चीज 'नकली'. ही चाचणी स्टार्च दाखवते, एवढंच. किसलेल्या चीजचे तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर स्टार्च लावतात, त्यामुळे खऱ्या चीजच्या पाकिटातही रंग बदलू शकतो. उलट फक्त तेल घातलेल्या पदार्थात स्टार्च नसेल तर रंग बदलणारच नाही. तार येते की नाही, यावरूनही खात्री होत नाही.

खरा पुरावा पाकिटाच्या मागच्या बाजूला असतो:

- नाव पाहा. 'मोझरेला चीज', 'प्रोसेस्ड चीज' ही चीजची नावं आहेत. नुसतं 'पिझ्झा टॉपिंग' किंवा 'अ‍ॅनालॉग' लिहिलं असेल तर थांबा.
- घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. त्यात खाद्य वनस्पती तेल किंवा पाम तेल दिसलं, तर ते पूर्ण दुधाचं नाही.
- सुट्टं, बिनलेबलचं 'चीज' घेताना हे काहीच कळत नाही. तिथे विचारणं एवढाच मार्ग उरतो.

आणि इथेच खरी अडचण आहे. कायद्यानं ग्राहकाचं संरक्षण लेबलवर सोपवलंय. मोठं पाकीट फोडून सुट्टं विकलं की लेबल गायब होतं. घरून पिझ्झा बनवून सोसायटीत किंवा कंपनीच्या शिफ्टमधल्या लोकांना विकणाऱ्यांची गोष्टही तीच. अशा छोट्या घरगुती व्यवसायालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि आपण घेतलेलं 'चीज' खरं आहे की नाही याची जबाबदारी शेवटी विकणाऱ्यावर येते. स्वतःचीच फसवणूक झालेली असली तरीही.

मिरची मात्र घरचीच

गंमत म्हणजे चीजबाबत डोळे झाकून विश्वास ठेवणारी घरं मिरचीबाबत तसं करत नाहीत. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, रंगासाठी बेडगी, तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी असं प्रमाण ठरवायचं आणि मसाला डोळ्यांसमोर कुटून घ्यायचा, ही पद्धत या किनारपट्टीवर अजून टिकून आहे. त्याच मिरच्या कोरड्या भाजून जाडसर भरडल्या की घरचे चिली फ्लेक्स तयार. चिवट राहिल्या तर त्या नीट वाळलेल्या नाहीत असं समजा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ओलसर मिरचीला बुरशी लवकर धरते. लसूण-मिरची तेलात घालून ठेवणार असाल तर थोडीच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. तेलात बुडालेल्या लसणात धोकादायक जंतू वाढू शकतात.

मिरचीबद्दलचा हा संशय अनाठायी नाही. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून मागे घ्यावे लागले. कारण होतं एका सॉसमध्ये वापरलेली भारतातून गेलेली मिरची पूड. तिच्यात 'सुदान 1' हा खाण्यासाठी बंदी असलेला रंग होता.

मिरची आणि चीज यांचं एक नातंही आहे. मिरचीतला तिखटपणा देणारा घटक पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो, आणि दुधातलं केसीन त्याला जिभेवरून उचलून नेतं. म्हणून चीजवर टाकलेली मिरची आपल्याला जास्त पेलते.

थोडक्यात काय?

अ‍ॅनालॉग वापरायचं की नाही, हा प्रत्येक घराच्या बजेटचा आणि आवडीचा प्रश्न आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण दुधाचे पैसे देऊन पाम तेल घरी येत असेल, तर तो आवडीचा प्रश्न राहत नाही. हॉटेलांना जे लिहायला सांगितलं, ते सुट्टं विकणाऱ्या दुकानांच्या काउंटरवरही दिसायला हवं. तोपर्यंत मिरची घेताना जी चौकशी आपण सहज करतो, तीच चीज घेतानाही करायला हरकत नाही.