"केवळ" या एका शब्दाचा खटला: अंतुले आणि सर्वोच्च न्यायालयाची चूक

मागच्या धाग्यात कुलाबा जिल्ह्याचा रायगड कसा झाला ते पाहिले. १ जानेवारी १९८१ च्या त्या नामांतराचे कर्ते बॅ. अब्दुल रहमान अंतुले. त्यांचे नाव निघाले की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. एक, "सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले." दुसरे, "सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वाचवले." पहिले वाक्य श्रीवर्धन-म्हसळ्याकडे अधिक ऐकू येते, दुसरे मुंबईकडे. दोन्ही वाक्ये २९ एप्रिल १९८८ च्या निकालाविषयी असतात आणि दोन्ही चूक आहेत.

त्या निकालात अंतुले दोषी की निर्दोष याविषयी अवाक्षर नाही. तिथे खटला चालला तो खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या एका आदेशावर. आरोपीच्या जागी न्यायालय आणि न्यायासनावरही न्यायालयच, असा तो विलक्षण प्रसंग होता. तो आपण एका माणसावरच्या प्रेमापायी किंवा रागापायी विसरून गेलो, ही माझी तक्रार आहे.

आधी घटनाक्रम, थोडक्यात. अंतुले म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे, जून १९८० पासून मुख्यमंत्री. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानच्या देणग्यांचे प्रकरण बाहेर काढले. सिमेंट तेव्हा नियंत्रित होते, कोटा सरकारच्या हाती होता आणि कोटा घेणाऱ्यांनीच प्रतिष्ठानला देणग्या दिल्या, असा आरोप होता. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांनी या दोहोंचा संबंध जोडणारा निष्कर्ष दिला आणि अंतुले पायउतार झाले. मात्र तो निष्कर्ष रिट याचिकेतला होता. फौजदारी खटला वेगळाच उभा राहायचा होता.

तो उभा केला भाजपचे रामदास नायक यांनी. ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांनी विशेष न्यायाधीशांपुढे फिर्याद दाखल केली. आमदार हा लोकसेवक असल्याने खटल्याला विधानसभेची मंजुरी हवी, असे म्हणत विशेष न्यायाधीश सुळे यांनी जुलै १९८३ मध्ये अंतुले यांना दोषमुक्त केले. नायक सर्वोच्च न्यायालयात गेले.

१६ फेब्रुवारी १९८४. पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ, निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांचे. भारतीय दंड विधानाच्या व्याख्येनुसार आमदार लोकसेवक नाही, मंजुरीची गरज नाही, दोषमुक्तीचा आदेश रद्द. इथवर ठीक. पण निकालपत्र तिथे थांबले नाही. अडीच वर्षे होत आली तरी खटला जागचा हललेला नाही, अशी खंत व्यक्त करून पीठाने शेवटी आणखी एक आदेश दिला. खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाकडे द्यावा आणि तो उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायमूर्तींनी शक्यतो रोजच्या रोज चालवावा. ही मागणी कोणत्याही पक्षाने केलेली नव्हती. तिच्यावर युक्तिवादही झाला नव्हता.

हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. माजी मुख्यमंत्र्यावरचा खटला रेंगाळू नये, तो ज्येष्ठ न्यायमूर्तीपुढे चालावा, असे कोणाला वाटणार नाही? अडचण कायद्याच्या शब्दांची होती. फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियम, १९५२ याचे कलम ७ तेव्हा सांगत होते की, अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, असे गुन्हे केवळ विशेष न्यायाधीशच चालवतील. "केवळ" हा शब्द संसदेने लिहिला होता. मराठीत आपण एका "च"वर भागवतो, पण त्या "च"ला अर्थ असतो. "अमुकच" म्हटल्यावर "तमुकही चालेल" असे म्हणण्याची सोय उरत नाही.

खटला हलवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला मुळीच नाही असे नव्हे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४०६ तो देत होते, पण एका उच्च न्यायालयाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत नेण्यापुरता. मुंबईच्या विशेष न्यायाधीशांकडचा खटला मुंबईच्याच उच्च न्यायालयात नेण्याची तरतूद त्यात नव्हती. शिवाय विशेष न्यायाधीशांच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करता येते. खटलाच उच्च न्यायालयात चालला की आरोपीच्या हक्काची ती एक पायरी नाहीशी होते. देशातल्या त्या प्रकारच्या इतर सर्व आरोपींना ती पायरी होती. एकट्याला नव्हती.

हे सारे १९५२ मध्येच बोलून झाले होते. पश्चिम बंगाल सरकारने "जलद सुनावणी"साठी निवडक खटले विशेष न्यायालयांकडे धाडण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला होता. अन्वर अली सरकार खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवला. खटले निवडायचे कोणत्या निकषावर हे कायदा सांगत नाही आणि घाई हा काही निकष नव्हे, हे त्यातले सूत्र. सरकारला जे १९५२ मध्ये करू दिले नाही, तेच न्यायालयाने १९८४ मध्ये स्वतः केले. तेही पाच जणांच्या पीठाने, सात जणांचा निकाल लक्षात न घेता.

पुढे जे झाले ते अधिक बोलके आहे. उच्च न्यायालयात न्या. खत्री यांच्यापुढे अंतुले यांच्या वकिलांनी हाच आक्षेप घेतला. न्या. खत्री यांनी तो मार्च १९८४ मध्ये फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्यांच्यावर बंधनकारक होता. ते चूक नव्हते. दुसरे काय म्हणणार होते? आक्षेप बरोबर असू शकतो, पण तो ऐकण्याचा अधिकार खालच्या कोणालाही नाही. वरच्या पायरीवर चूक झाली तर ती खाली दुरुस्त होत नाही आणि तिच्या वर पायरी नसते. एप्रिल १९८४ मध्ये अंतुले यांनी थेट सर्वोच्च न्यायालयातच त्या आदेशाला आव्हान दिले. दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ते ऐकून घेतले नाही.

मग न्या. डी. एन. मेहता यांच्यापुढे ५७ साक्षीदार तपासले गेले. त्यांनी २१ आरोप निश्चित केले, इतर गाळले. ते गाळलेलेही घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९८६ मध्ये सांगितले. जुलै १९८६ मध्ये न्या. पी. एस. शाह यांनी ७९ आरोप निश्चित केले. त्याविरुद्धचे अपील सात न्यायमूर्तींपुढे आले आणि पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने १९८४ चा तो आदेश मोडीत निघाला. न्या. सब्यसाची मुखर्जी यांच्या मुख्य निकालपत्राचा आशय असा: न्यायालयाला अधिकारिता देणे हे कायदेमंडळाचे काम आहे. कोणतेही न्यायालय, सर्वोच्चही, ती स्वतः निर्माण करू शकत नाही. न्यायालयाच्या चुकीचा भुर्दंड पक्षकाराने सोसू नये. १६ फेब्रुवारी १९८४ नंतरचे सारे कामकाज रद्द. खटला कायद्याप्रमाणे, म्हणजे विशेष न्यायाधीशांपुढे, चालवा.

५७ साक्षी आणि ७९ आरोप पाण्यात गेले. खटला जलद व्हावा म्हणून दिलेल्या आदेशाने चार वर्षे खाल्ली. म्हणून "न्यायालयाने वाचवले" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: या चार वर्षांचा हिशेब १९८८ च्या पीठाकडे का मागता? तो १९८४ च्या पीठाकडे मागा. देसाई यांनी दोषमुक्ती रद्द करून लेखणी खाली ठेवली असती, तर विशेष न्यायाधीशांपुढे १९८४ मध्येच साक्षी सुरू होऊ शकल्या असत्या.

विरोधी मताचीही बाजू आहे, आणि ती हलकी नाही. न्या. वेंकटचलय्या यांचे म्हणणे असे की, चुकीचा असला तरी अंतिम निर्णय त्या पक्षकारांपुरता अंतिमच असतो. पुनर्विलोकनाचा मार्ग घटनेने दिला आहे. तो सोडून दुसऱ्या अपिलाच्या वाटेने जुना निर्णय उखडू दिला तर वादाला अंत राहणार नाही. आज सात बसले, उद्या नऊ बसतील. शिवाय १९६६ च्या नरेश मिरजकर खटल्यात, तोही मुंबईचाच, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले होते की न्यायालयाच्या न्यायिक आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होतो असे मानता येत नाही. बहुमताने या निकालाला दिलेली बगल मला पटत नाही. ती जागा लंगडी आहे.

तरीही मी बहुमतासोबत आहे. वादाला अंत हवा तो पक्षकारांमधल्या वादाला. इथे मात्र जो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता त्याचे उत्तर न्यायालयाने दिले होते, आणि ज्याच्या पदरी ते पडले त्याला बोलूही दिले नव्हते. न ऐकता दिलेल्या आदेशाला अंतिमतेचे कवच द्यायचे, तर ते केवळ देणारा सर्वांत वर बसतो म्हणून द्यावे लागेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा युक्तिवाद ओळखीचा वाटतो. फर्मानांच्या बाजूने तो नेहमीच झालेला आहे.

मला खरी हळहळ पुढच्या गोष्टीची वाटते. १९८८ चा धडा न्यायालयालाच फार काळ आठवला नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये भोपाळ वायुदुर्घटनेची तडजोड सर्वोच्च न्यायालयात झाली. ४७ कोटी डॉलर, आणि त्यासोबत फौजदारी खटलेही रद्द. वायुग्रस्तांना पुरेसे न विचारता हे झाले, ही तक्रार आजही जिवंत आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये फौजदारी खटले पुन्हा सुरू करण्यात आले, पण तडजोड कायम राहिली. भोपाळच्या जिल्हा न्यायालयातला दावा स्वतःकडे ओढून घेण्याचा अधिकारही न्यायालयाने राखला. अनुच्छेद १४२ खालच्या "संपूर्ण न्याया"च्या अधिकाराला साध्या कायद्यातली बंधने आपोआप लागू होत नाहीत, असे तिथे म्हटले गेले. ते निकालपत्र न्या. वेंकटचलय्या यांचे होते, आणि त्या पीठाचे प्रमुख होते १९८८ च्या बहुमतातले रंगनाथ मिश्र. अंतुले खटला दोघांनाही पाठ असणार.

मुख्यमंत्री राहिलेल्या बॅरिस्टरला सात न्यायमूर्तींचे पीठ मिळाले आणि चूक दुरुस्त झाली. भोपाळच्या वस्त्यांतल्या माणसांना विचारणाही धड झाली नाही. यावरून "१९८८ चा निकाल बड्यांसाठी होता" असे म्हणणे सोपे आहे, पण ते उलटे वाचन आहे. तो निकाल भोपाळला लागू करायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये रूपा हुर्रा खटल्यात "क्युरेटिव्ह याचिके"ची वाट उघडली तेव्हा अंतुले निकालाचाच आधार घेतला. आज फाशीची शिक्षा झालेला कैदी ज्या अखेरच्या दारावर थाप मारतो, त्या दाराची चौकट या खटल्यातून आली आहे. दार अरुंद आहे, क्वचितच उघडते. पण आहे.

आज दर महिन्याला एखादे प्रकरण गाजते आणि "सर्वोच्च न्यायालयाने हा खटला स्वतःकडे घ्यावा" अशी हाकाटी सुरू होते. त्यात माझ्या मताची माणसे असतात, माझे मित्रही असतात. आरोपी नावडता असला की कायद्यातला "केवळ" हा शब्द आपल्याला तांत्रिक खुसपट वाटू लागतो. १९८४ मध्येही अनेकांना तसेच वाटले असावे.

खटल्याचे पुढे काय झाले? अंतुले पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. या वेळी म्हणणे असे की विलंब इतका झाला आहे की खटलाच रद्द करावा. १० डिसेंबर १९९१ च्या निकालात घटनापीठाने जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, त्याची सूत्रे घालून दिली, आणि खटला रद्द करायला मात्र नकार दिला. म्हणजे जलद सुनावणीच्या हक्काचा आपल्याकडचा एक प्रमुख निकालही याच फिर्यादीच्या पोटी जन्मला. फिर्यादी रामदास नायक यांची २५ ऑगस्ट १९९४ रोजी वांद्र्यात गोळ्या घालून हत्या झाली. अंतुले १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले आणि २ डिसेंबर २०१४ रोजी वारले.

पुढच्या धाग्यात अलिबागजवळच्या चरीचा १९३३ चा शेतकरी संप.