आधी पडदा लावा, मग तपासा

आमच्या देवगाव फाट्यावर आजारी माणूस एसटीतून उतरतो, चहा घेतो आणि पुढे सेलूला नाहीतर जिंतूरला जातो. तिथं भागलं नाही तर परभणी किंवा जालना. या वाटेवर त्याला डॉक्टर भेटतो, सलाईन मिळतं, एक्स-रे निघतो. एक साधी गोष्ट मात्र क्वचितच मिळते. ती म्हणजे पडदा.

साठीच्या एक मावशी माझ्याकडे आल्या. अंग बाहेर यायचं. बसता येईना, लघवी अडकायची. दोन वर्षं हे चाललेलं. मध्यंतरी तापासाठी एका मोठ्या दवाखान्यात त्या चार दिवस भरती होत्या. मी विचारलं, "मावशी, तिथं का नाही सांगितलं?" म्हणाल्या, "साहेब, समद्यांम्होरं कसं दाखवू? शेजारच्या खाटेवर पोरीचा सासरा बसलेला." राउंडला आलेल्या डॉक्टरांनी "आणखी काही त्रास?" असं विचारलं होतं. मावशींनी मान हलवली. कागदावर नोंद झाली : इतर तक्रार नाही.

ही नोंद खोटी होती आणि ती खोटी ठरण्याचं कारण मावशी नव्हत्या. खाटेभोवती पडदा नव्हता, हे कारण होतं. म्हणून मी आज भांडणार आहे ते पडद्यासाठी. पडदा ही शोभेची वस्तू नाही. स्टेथोस्कोपसारखं ते तपासणीचं साधन आहे. ते नसेल तर तपासणी अर्धवट होते आणि अर्धवट तपासणीवर दिलेला उपचारही अर्धवटच असतो.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या बायकांची तपासणी केली. तो अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. या दरीची कारणं अनेक आहेत : गरिबी, अंतर, स्त्री डॉक्टर नसणं. पण धीर करून दवाखान्याच्या दारापर्यंत आलेली बाई लाजेनं परत जात असेल, तर तो दोष आपल्या खोलीचा आहे. आणि पुरुषांनाही लाज असते. हायड्रोसील, मूळव्याध, लघवीची नळी यांबद्दल भर वॉर्डात बोलायला कोणता बाप्या तयार होतो?

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

"आमच्याकडे स्क्रीन आहे."
हो, तीन पटांचा, हिरव्या कापडाचा, चाकांचा. वॉर्डात खाटा वीस आणि स्क्रीन एक. त्याचं एक चाक निखळलेलं, एरवी त्यावर टॉवेल वाळत असतो. तो आणायला कुणाला तरी पाठवावं लागतं, म्हणून बहुतेक वेळा आणलाच जात नाही. आणला तरी एकच बाजू झाकतो. जी सोय वापरायला दोन माणसं लागतात, ती गर्दीच्या वॉर्डात वापरली जात नाही. छताला ट्रॅक असेल तर एका हातानं पडदा ओढला की झालं.

"पैसे कुठून आणायचे?"
एका खाटेभोवतीचा साधा ट्रॅक आणि पडदा काही हजारांत होतो. उद्घाटनाची ग्रॅनाइटची पाटी, दर्शनी भागातल्या काचा आणि गुळगुळीत टाइल्स यांना पैसे सापडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्ण कल्याण समिती असते. छोट्या सोयींवर खर्च करायला तिच्याकडे निधी असतो. अडतं ते पैशापाशी नाही, पडदा यादीत शेवटी असतो तिथं अडतं.

"पडद्यावर जंतू बसतात."
हा आक्षेप मात्र खरा आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या रुग्णालयातला एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात नव्यानं लावलेल्या 13 पडद्यांपैकी 12 पडदे आठवडाभरातच जंतूंनी दूषित झाले होते. पण म्हणून पडदा काढायचा का? चादरीवरही जंतू बसतात, आपण चादर धुतो. पडदाही सहज काढून गरम पाण्यात धुता आला पाहिजे, बदलीचा दुसरा संच हवा आणि पडदा ओढल्यावर, पेशंटला हात लावण्याआधी डॉक्टरनं हात स्वच्छ करायला हवेत.

"खेड्यातल्या बायकांना त्याचं काही वाटत नाही."
हे वाक्य मी आमच्याच व्यवसायातल्या लोकांकडून ऐकलंय. त्यांनी मावशींना भेटावं.

दुसऱ्यांना बोलतोय, तर माझंही सांगतो. माझ्या दवाखान्यात कित्येक वर्षं दोन खिळ्यांमध्ये ताणलेल्या स्प्रिंगच्या तारेवर पडदा होता. तार मध्ये झोळ खायची, पडदा घसरून मधोमध जमायचा आणि दोन्ही कडांना वीतभर फट राहायची. बाहेरच्या बाकावरून त्या फटीतून आत दिसतं, हे एका पेशंटच्या मुलीनं दाखवून दिल्यावर मला कळलं. त्या दिवशी मी तार काढली.

मग ट्रॅक कसा असावा? नवा दवाखाना बांधणाऱ्यांनी आणि समितीत बसणाऱ्यांनी एवढं बघावं :

• ॲल्युमिनियमचा चॅनेल, थेट स्लॅबमध्ये किंवा स्लॅबपासून खाली सोडलेल्या दांड्यांवर पक्का बसवलेला. आधार साधारण दोन-दोन फुटांवर हवा, नाहीतर वर्षभरात चॅनेल वाकतो.
• कोपऱ्यात जोड नको, एकसंध वळण हवं. जोडावर रोलर अडकतो, आणि अडकणारा पडदा कुणी ओढत नाही.
• कापडाची रुंदी ट्रॅकच्या दीडपट तरी हवी, म्हणजे फट राहत नाही.
• वरच्या फूट-दीड फुटात जाळी हवी. पंख्याचा वारा खेळतो आणि आगीच्या वेळी पाणी फवारणारी यंत्रणा असेल तर पाणी अडत नाही. पंख्याचं पातं पडद्याला लागणार नाही, हे आधी तपासा.
• खालची कड जमिनीपासून फूटभर वर हवी. फरशी पुसता येते, कड भिजत नाही आणि आत कुणी पडलं तर बाहेरून कळतं.
• कापड सहज पेट न घेणारं हवं. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून 10 बाळं दगावली. त्यानंतर तरी कापडाचा विचार व्हायला हवा.
• मानसिक आजाराच्या वॉर्डात नेहमीचा ट्रॅक लावू नका. तिथं माणसाचं वजन पडताच निसटणारा ट्रॅक लागतो.

एक सावधगिरी. पडदा डोळे झाकतो, कान झाकत नाही. पाळी, गर्भपात, मारहाण, एचआयव्ही यांबद्दलचे प्रश्न पडद्याआडूनही मोठ्यानं विचारायचे नसतात. त्यासाठी बंद दाराची खोलीच हवी.

आणि हा काही उपकार नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. उपचारांच्या वेळी प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपला जाणं हा त्यातला हक्क आहे. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असेल तर तिथं दुसरी स्त्री हजर असणं हाही. सरकारी रुग्णालयांच्या गुणवत्तेच्या राष्ट्रीय मानकांतही खासगीपणा आहे आणि 2017 पासूनच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात तो प्रसूतीकक्षासाठी आहे. भिंतीवर सनद आहे. तिच्या खाली खाट उघडी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी झोपून कपडे सैल करण्याआधी शांतपणे म्हणा, "डॉक्टर, आधी पडदा लावा." सोबतच्या नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगा. पडदाच नसेल तर "आतल्या खोलीत तपासा" म्हणा. चांगला डॉक्टर रागावणार नाही. रागावला, तर सनदेची पाटी दाखवा. गावातलं कुणी रुग्ण कल्याण समितीवर असेल तर पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारायला लावा : किती खाटा आणि किती पडदे?

मावशींचं ऑपरेशन झालं, आता त्या बऱ्या आहेत. पण त्यांची दोन वर्षं गेली, ती एका पडद्यापायी.